आक्षेपार्ह नाही

कूलर बंद करा, घटाटे म्हणतात,
खसाचा वास ग्लासात उतरतो.
त्रिमूर्तीनगर, दुसरा मजला, एप्रिलचा शेवटचा शनिवार,
बाहेर चव्वेचाळीस. आम्ही पाच जण घामाघूम,
लाल वाइनसुद्धा बर्फाच्या बादलीत गळ्यापर्यंत.
खोलीच्या तापमानाला प्यावी, असं पुस्तकात आहे.
पुस्तकातली ती खोली नागपुरात नाही.

मी अठ्ठावीस वर्षं पाणी तपासलं.
बोअरचं, विहिरीचं, टँकरचं, गोरेवाड्याचं.
फॉर्मवर रंग, वास, चव, आणि पुढे
एकच शेरा, रबरी शिक्काच करून घेतलेला:
आक्षेपार्ह नाही.
पाण्याला काहीच नसावं, ही माझी नोकरी.
निवृत्त झाले आणि इथे येऊ लागले,
जिथे प्रत्येक घोटाला काहीतरी असावंच लागतं.

पहिली शेनिन ब्लाँ, नाशिकची,
लग्नाकार्यात भेटणाऱ्या मावसबहिणीसारखी,
काय बोलायचं ते आधीच ठरलेलं.
पेरू, म्हणालं कुणीतरी. पेरूच, म्हणालो सगळे.
मग शिराझ. मिरं. हो, मिरं.
मग घटाट्यांच्या भाच्याने परदेशातून
मोज्यांत गुंडाळून आणलेल्या दोन:
असिर्तिको, जिची वेल म्हणे वाऱ्यापायी
जमिनीवरच टोपलीसारखी वळून बसवतात,
आणि सपेरावी,
जिच्या सालीलाच नाही, गरालाही रंग असतो.

हेमराज उईके खिडकीशी बसतात.
वनखात्यात होते. आगारात डोळे मिटून
ताज्या कापावरून साग की बिजा ते सांगायचे,
हे ते नाही, त्यांची बायको सांगते.
त्या तापात वास गेला, तो परत आलाच नाही.
तरी दर महिन्याला येतात, वर्गणी देतात,
ग्लास नाकाशी नेतात सवयीने,
मग आमच्याकडे बघतात. सांगा.

पुस्तकातलं ब्लॅककरंट त्यांच्यापुढे चालत नाही.
"मी तं खाल्लं नाही. तुम्ही खाल्लं का जी?"
कुणीच खाल्लेलं नसतं.

असिर्तिको फिरली.
लिंबू, देवतळेबाई म्हणाल्या.
उईके थांबून राहिले.
"कापून ठेवलेलं," बाई म्हणाल्या, "सुरीला लागलेलं.
सुरी तशीच राहिलेली."
मी म्हटलं, दगडी पाटा, धुऊन उन्हात टाकलेला,
अजून पूर्ण वाळला नाही तेव्हाचा.
"मीठ?"
मिठाला वास नसतो, माझ्यातली प्रयोगशाळा बोलली,
पण आहे. मीठ आहे.
त्यांनी मान हलवली, जणू पोचली पावती.

सपेरावीने लोणाऱ्यांचे दात जांभळे केले.
जांभूळ म्हणाले तेही. रस नव्हे, बी,
चघळून चघळून कोरडी झालेली.
घटाटे म्हणाले, शाळेचं चामडी दप्तर, जून महिन्यातलं.
माझी पाळी आली.
नाक खोल ग्लासात, आणि आत कितीतरी,
आणि एकालाही नाव नाही.
जिभेवर आला तो शिक्काच.

तेवढ्यात उईकेंनी घोट घेतला.
"थांबा. हे आधी आंबट येते,
मंग हिरड्या धरते. धावड्याची साल
लहानपणी चावली होती, तशी.
आन सोडत नाही. घोट गेला, हे बसूनच हाय."
आम्ही पुन्हा प्यायलो.
खरंच बसून होती. दोन तास वास हुंगत
आम्ही तिला बसलेली पाहिलीच नव्हती.

बाटल्या संपल्या. पोह्यांची तर्री आली,
आता कशाला राखायचं म्हणून कूलर लावला.
आधी गरम झोत, कोरडी खडखड,
मग पाणी चढलं, आणि खस.
चौघांचे चेहरे एकदम सैल झाले,
कुणी काही बोललं नाही.
उईकेंनी एकेकाचा चेहरा पाहिला.
"सांगा," म्हणाले.

पाण्याचा, मी म्हणाले.
आणि तेवढ्यावर थांबता येईना.